एका पायावर तयार

आदरणीय दाजी,

तुम्हाला वाकून नमस्कार. (हल्ली मी वाकतो तेव्हा कंबर सरळ ठेवून, गुडघ्यातून वाकतो. शिकवण तुमचीच.) स्पर्धेच्या पंचगिरीत जेवणाखाणाची आबाळ होत नसेल, पाठ बरी असेल आणि खेळाडू वजनं तुमच्या पायांवर टाकत नसतील, अशी आशा आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही माझं वाक्य मधेच तोडता आणि आजची बातमी तोडण्यासारखी नाही. दाजी, आई तिसऱ्या मजल्यावर पोहोचली! आमच्या तिसऱ्या मजल्यावर! आत्ता माझ्यासमोर गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवते आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तुमच्या तळमजल्यावर राहायला आली, तेव्हा तुमच्याच घरी सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, की आईला माझ्याकडे न्यायला मी एका पायावर तयार आहे. त्यावर तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "लिफ्ट नाही. जिन्यात तिचा पाय दुखला तर उचलणार कोण? आधी खांद्यावर बारबेल घेऊन दोन पायांवर बसून दाखव, मग एका पायाच्या गप्पा मार." सगळे हसले. आईही हसली, ते मला फार लागलं. आई माझ्याकडे यावी एवढंच मला हवं होतं, आणि अडलं होतं ते माझ्या पायांपाशी. तेव्हा ठरवलं, की बोललो आहे ते शब्दशः करून दाखवायचं. बारबेल ठेवायला माझ्या घरात जागा नाही, पाय मात्र घरातच असतात. म्हणून एकपायी बैठका! एक पाय समोर हवेत सरळ धरायचा, दुसऱ्यावर पार खाली बसायचं आणि उठायचं. खाली बसणं मला पहिल्याच प्रयत्नात जमलं. उठणं ही स्वतंत्र विद्या आहे.

सुरुवातीला आधाराला स्वयंपाकघराच्या दाराची मूठ धरायचो. मूठ हातात आली. (बायको म्हणाली, तुमची अक्कल गुडघ्यात आहे. मी म्हटलं, म्हणून तर तिलाच व्यायाम देतोय.) मग मागे आपटायला लागलो, तर खालच्या मजल्यावरचा शिंपी कात्री हातात घेऊनच वर आला. माझ्या एका आपटण्यापायी त्याने कोणाच्या तरी कोटाची बाही मनगटाऐवजी कोपरापर्यंतच कापली होती. घर बंद झालं, म्हणून नोकरीवर, दुकानात सराव सुरू केला. चष्म्याच्या दुकानात एक सोय असते, गिऱ्हाईक एक डोळा झाकून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असतं, तेवढ्यात काउंटरमागे एक बैठक सहज होते. एका बाईंनी शेवटची ओळ वाचली, डोळ्यावरचा हात काढला, तर मी गायब. मी खालीच होतो, पण उठता येईना. त्यांना वाटलं नजर फारच गेली. खालून मी "दुसरा डोळा झाका" म्हणालो, तर त्या किंचाळून बाहेर पळाल्या. मालकाने हात टेकले. मीही टेकले होतेच, फरशीवर.

पण दाजी, जमलं! आधी उजवा, मग डावा. त्या आनंदात मी थेट व्यायामशाळेत गेलो आणि तिथल्या मास्तरांना म्हटलं, ठेवा बारबेल खांद्यावर. माझं सगळं वजन मी एका पायावर उचलतो, म्हणजे दोन पायांवर माझ्याएवढा आणखी एक माणूस सहज उचलीन, असा माझा हिशोब. मास्तरांनी त्याच्या निम्मंच वजन लावलं. गुडघे अजिबात डगमगले नाहीत, पण पाठीला असल्या ओझ्याची ओळखच नव्हती. मी खाली बसलो आणि मास्तर व बारबेल मिळून मला वर घेऊन आले. तेव्हा प्रांजळपणे कबूल करतो, निव्वळ ताकदीला तुमची बारबेलच. तिथे रोज थोडं थोडं वजन वाढवता येतं. मी मात्र स्वतःचं वजन वाढवायचं म्हटलं तर जेवण्यापलीकडे मार्ग नाही. पण घरी येताना आमच्या जिन्याच्या मध्यावर मी थबकलो आणि मोठ्याने ओरडलो. (शिंप्याने दार उघडून पुन्हा लावलं.) दाजी, जिना एका वेळी एकाच पायाने चढतात! दोन्ही पायांनी फक्त बेडूक चढतो! माझाच व्यायाम बरोबर होता!

काल ताई आईला घेऊन आली. मी पाठ वाकवून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. आईने माझ्या पाठीकडे पाहिलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि कठडा धरून चढायला लागली. चांगला पाय वर, मग दुखरा. दोनदा थांबली, तेसुद्धा मला लागलेली धाप ओसरेपर्यंत. वर आल्यावर मी विचारलं, हे कसं जमलं, तर म्हणाली, "जावईबापू रोज मला समोर बसवून खुर्चीवरून उठबस करायला लावायचे, हात न टेकता. म्हणायचे, तुमच्या पोराच्या पायांचं काही सांगता येत नाही, तुम्हीच तयार व्हा. अरे, यायला तर मी कधीची एका पायावर तयार होते." दाजी, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मला भरून आलं. तुम्ही इथे असता तर तुमचे पायच धरले असते. मग त्या भरात मी आईला दोन्ही पायांवर एकेक बैठक करून दाखवली आणि ती चकित झाली.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : वर "दोन्ही पायांवर" असं लिहिलं आहे. उजव्यावर झाली. डाव्यावर निम्मी झाली, तेव्हा आई चकित झाली. डॉक्टर म्हणतात, जिना बंद. पाणीसुद्धा आईच आणून देते आहे.

ता. क. २ : खरं कामच राहिलं. आई आता इथेच राहते म्हणते, पण आमच्या खुर्च्या फार बसक्या आहेत. तुमच्याकडची तिची ती उठबशीची खुर्ची लागेल. परत आल्यावर तुम्हीच घेऊन या आणि वरही तुम्हीच चढवा. मदतीला मी एका पायावर तयार आहे. दुसऱ्याला पट्टी बांधलेली आहे.