शिंगाळ्याच्या व्याख्यानाची व्यवस्था

मी, कमलाकांत मोरोबा विजयकर, वय त्रेसष्ट, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून आणि कोणाच्याही भरीस न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. छातीत मात्र दोनदा कळ येऊन गेली, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्याच्या धमक्या पुष्कळ दिल्या.

१. राहत्या दोन खोल्या भाड्याच्या असल्याने त्या कोणास देण्याचा मला अधिकार नाही. माझी पत्नी सौ. कौसल्या तेथे राहीलच. तिला बाहेर काढील असा घरमालक अजून जन्माला यायचा आहे. माझा प्रॉव्हिडंट फंड, भांडीकुंडी आणि माझ्या स्वभावाविषयी शेजाऱ्यांना सांगण्याचा संपूर्ण हक्क तिचा.

२. पोस्टातील माझी बचत कोणीही मोडू नये. तिच्या व्याजातून दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, म्हणजे होड्या पुन्हा समुद्रात उतरण्यापूर्वी, आमच्या वाडीच्या चौकात समुद्रातील जीवांविषयी मोफत जाहीर व्याख्यान व्हावे. विषय मुख्यतः शिंगाळा. या माशाचा नर मादीने घातलेली अंडी स्वतःच्या तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. आपण त्याला नेमके त्याच दिवसांत ओढून काढतो, आणि मादी सापडली तर तिची अंडी गाबोळी म्हणून तळून खातो. असेच चालले तर नातवंडांना शिंगाळा मी रंगवलेल्या चित्रातच दाखवावा लागेल. एवढे लोकांना कळावे म्हणून मी इतकी वर्षे घसा कोरडा केला.

३. सुरुवातीला श्रोते म्हणजे आमचेच नातेवाईक, तेही पंख्याखालची खुर्ची मिळाली तर. छप्पन साली मात्र लालबागचा गिरणी कामगार दत्ताराम परब पन्नास-साठ माणसे घेऊन आला. गिरगावात सभा म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचीच, अशी त्याची खात्री होती. चूक कळल्यावरही माणसे भिडेखातर शेवटपर्यंत बसली. गर्दी पाहून हवालदार आला आणि "हा शिंगाळा कोणत्या पक्षाचा?" म्हणून मला बाजूला घेऊन विचारू लागला. इतक्यात, एवढी माणसे रिकाम्या पोटी कशी पाठवायची, म्हणून कौसल्येने आतून परात आणली. परातीत तळलेली गाबोळी! "गाबोळी खाऊ नका" हे माझे शेवटचे वाक्य अजून हवेत होते. हवालदारानेही खाल्ली. मी किती खाल्ली हा या दस्तऐवजाचा विषय नव्हे. दत्ताराम निघताना म्हणाला, "मास्तरानू, भाषण बरा झाला. फुडल्या वर्सा कोळंबी ठेवशात काय?" सबब, यापुढे व्याख्यानास वाटाण्याची उसळ आणि चहा एवढेच द्यावे.

४. पुतण्या मनमोहन यास माझी छत्री व काळा कोट. व्याख्यान देण्याची त्याची फार इच्छा आहे, परंतु त्यास ते देऊ नये. तो बोलायला उभा राहिला की तिसऱ्या वाक्याला दिल्ली गाठतो. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण मिळेल तेव्हा तिच्या समुद्रात मासाही असू द्या, एवढेच माझे म्हणणे.

५. पडद्यावर चित्रे पाडणारा माझा मॅजिक लँटर्न आणि त्यासाठी काचेवर रंगवलेली चित्रे मुलगी शकू हिला. माझ्या पश्चात व्याख्यान तिने द्यावे. ती बी.एस्सी. आहे, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि माझ्यामागे हे सारे बंद पडेल या धास्तीने मला झोप येत नाही. गेल्या महिन्यात मात्र ती स्वयंपाकघरात शेजारच्या शांताबाईंना शिंगाळ्याची हकिगत सांगताना मी दाराआडून ऐकली. शांताबाई म्हणाल्या, "अगं बाई, बाप बिचारा उपाशी राहतो? मग या पावसाळ्यात नको गं मला ती गाबोळी." इतक्या वर्षांत मला असे कोणी म्हटले नव्हते. माझा ऊर भरून आला. मी आत जाऊन माशाच्या लॅटिन नावाची तिची चूक सुधारली आणि शकू गप्प झाली.

येथवरचा मजकूर मी कौसल्येला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, तिने बोलावं म्हणून तुम्ही मरायला कशाला हवं? ती लोकांना नाही भीत, तुम्हाला भिते. तिनं तोंड उघडलं रे उघडलं की तुम्ही चूक काढता."

मी चिडलो. मग शकूला हाक मारून विचारले. ती हात पुसत बाहेर आली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये बोलणार नसाल तर मी बोलते."

६. सबब, वरील कलम पाच माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासूनच लागू समजावे. यंदाचे व्याख्यान शकू देईल. मी पहिल्या रांगेत बसेन, आणि तिने लॅटिन नाव चुकवले तर चुकू देईन. ते ऐकायला मला जगायचे आहे. तरी या मृत्युपत्राच्या बाकीच्या कलमांची अंमलबजावणी करण्याची कोणीही घाई करू नये.

सही : कमलाकांत मोरोबा विजयकर

आम्हा दोघांसमक्ष सही झाली :
१. दत्ताराम परब, लालबाग
२. शामराव धुरंधर, शेजारी (शांताबाईंचे यजमान)

गिरगाव, मुंबई
रविवार, १२ जुलै १९५९