बांगड्याचं कालवण

रविवार, संध्याकाळ

नलू वारल्यापासून चार महिन्यांत आज पहिल्यांदाच डांगे चौकातून बांगडे आणले. मासेवालीने विचारलं, "काका, काकू नाही आल्या?"

"गावी गेलीय," म्हणालो. खोटं का बोललो?

घरी आल्यावर कालवणात तिरफळं किती घालायची ते आठवेना. मालवणला मेहुणीला फोन लावला.

"पाच-सहा, भावोजी. जरा ठेचून घाला."

कालवण जमलं. पण गावी गेलीय, हे तोंडून निघालंच कसं? शेवटी पुन्हा फोन लावून तेही मेहुणीला सांगितलं.  ती म्हणाली, "फोन ठेवू नका. मीपण जेवायला बसते."

फोन तसाच चालू ठेवून मीही जेवायला बसलो. तिकडे तिच्या वाटीचा आवाज येत होता. आज मी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.