‘काहून’ नावाची बाई

रविवार, संध्याकाळ. जवाहरनगर.

धाकट्या जावेच्या घरी गेले होते. तिनं कागदाच्या लगद्याची बाई बनवली. एक हात कमरेवर, हनुवटी वर, एक भुवई पार कपाळात. बाईचं नाव विचारलं तर जाऊ म्हणते, “काहून!” अख्खी बैठक माझ्याकडे पाहून हसली. मी ‘का?’ म्हणायच्या जागी उठता-बसता ‘काहून’ म्हणते म्हणे. आणि ती भुवई? माझी अशी चढते काय? मेलीनं टीव्हीशेजारीच मांडली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावी म्हणून. बादलीत बुडवून तिचा परत लगदा करावासा वाटतो.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, “उद्या जाऊन ते ध्यान फेकून या.”

हे हसले. “तुले एवढा राग आला काय?”

भुवई चढलेली माझी मलाच कळली, पण तोवर तोंडातून गेलंच होतं, “काहून?”