पुराव्याची बाटली

मंगळवार, ता. ९

भावोजींस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्ही ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय नाही. माझा फोन तुम्ही उचलत नाही. कारखान्यात केला तर तुमचा मालक म्हणतो, "आत्ता मोटार उघडून बसलेत." तीनदा केला, तिन्ही वेळा मोटार उघडलेली. एवढ्या मोटारी एका माणसाच्या नशिबी नसतात. म्हणून पत्र. मी आजवर लिहिलं ते धुण्याच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. दोन चादरी, पाच शर्ट, एक डाग निघाला नाही. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, तेव्हा अक्षर पोटात घाला.

तुमच्या दादांची तब्येत आहे तशी. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेलेलीच, डावा हात चालतो. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले रक्तदाब बरा आहे. जेवतात. पण हल्ली भिंतीकडे तोंड करून पडतात, घास भरवायला मला पलंगाला वळसा घालून भिंतीच्या फटीत शिरावं लागतं. माझी जाडी तुम्हाला माहीत आहे.

विचारायचं ते हे, की टाकीचा फिल्टर परवापासून गुरगुरतोय. पाणी सोडणारी नळी पाण्याच्या वर हवी की खाली? आणि रोपांची पानं काचेसारखी पातळ होऊन गळून पडली, ती काढायची की राहू द्यायची? तुम्ही म्हणाला होता, "वहिनी, रोपं उघड्यावर वाढवलेली असतात. पाण्यात आली की जुनी पानं टाकतात, नवी धरतात. मुळं हलवू नका." मी हलवली नाहीत. पण एकदा टाकली, आता परत कशाला टाकतायत?

टाकी चालू आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मासे नाहीत तरी दिवा लावते. बाजूची शिंपीण म्हणते, "रिकाम्या पाण्याला उजेड दाखवतेस, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी तिला म्हटलं, तू तुझ्या सुया मोज.

तुम्ही म्हणाल, वहिनीला टाकीचा पुळका कधीपासून आला. म्हणा. मला पहिल्या दिवसापासून त्या टाकीचा संशय होता, हे मी लपवलेलं नाही. दादांची देखभाल करायला म्हणून आमच्याकडे राहायला आलात आणि माझं कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल ओढून पलंगाच्या पायथ्याशी लावलंत. त्यावर अडीच फुटांची काचेची टाकी. त्यात चिखल. माझ्या घरात चिखल! वर वाळू, मग बशी ठेवून बशीवर पाण्याची धार, म्हणजे चिखल उठायला नको. मग लाकडाच्या ओंडक्याला माझ्या काळ्या दोऱ्याने रोप बांधलंत. मला वाटलं, आता मासे येतील. तर एक महिना मासे नाहीत. रोज संध्याकाळी कामावरून आलं की टाकीपुढे बसायचं आणि रिकाम्या पाण्यात बघायचं.

मी विचारलं, "वाट कसली बघताय?"

"पाणी तयार व्हायला वेळ लागतो, वहिनी. पिकावं लागतं."

"पाणी काय केळं आहे पिकायला?"

तुम्ही हसलात. हे पण हसले, अर्ध्या तोंडाने. अंथरुणाला खिळल्यापासून अकरा महिन्यांत पहिल्यांदा. मला कसं वाटेल, तुम्हीच सांगा. मी विनोद करत नव्हते.

पुढे तुम्ही दोघं कुजबुजायला लागलात. मी आत आले की गप्प. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा गप्प होतो, म्हणजे काहीतरी शिजतंय हे कुठलीही बाई ओळखेल. मग ती बारकी तपकिरी बाटली. माझी पाठ वळली की चार थेंब टाकीत. कसले थेंब, कशाचे थेंब, कोणी सांगायचं नाही.

मग मासे आले, निळ्या पट्टीचे, सुईएवढे, अकरा. तुमच्या दादांनी डाव्या हाताचं बोट पलंगाच्या दांड्यावर आपटायला सुरुवात केली. टक, टक, टक. मला वाटलं झटका येतोय. तुम्ही म्हणालात, "मोजतायत, वहिनी." खरंच अकरा वेळा. रोज सकाळी अकरा. एखादा ओंडक्यामागे लपला तर दहावर थांबून त्याची वाट बघायचे.

मी पुसते, कूस बदलते, भरवते, तर माझ्यासाठी एक बोट हललं नाही. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा इथे काही संबंध नाही.

संबंध आहे तो याचा. त्या सोमवारी तुम्ही म्हणालात, "दादाला थोडे दिवस दुसरीकडे ठेवू या का? मी खोली बघतो. तुम्ही फार थकलात." मी नाही म्हटलं. माणूस माझा, तो कुठे राहील ते मी ठरवणार. गुरुवारी तुम्हाला थेंब टाकताना पाहिलं. शुक्रवारी दोन मासे उलटे. शनिवारी सहा. रविवारी सकाळी उरलेले तीन. आता यात कोण काय समजेल? मासे गेले की हे उदास होणार, उदास झाले की तुम्ही म्हणणार, चला दादा, माझ्या खोलीवर नवी टाकी लावू. मी सरळ हिशोब केला.

हात दुखायला लागला. बाकी उद्या.

गुरुवार

उद्याचा परवा झाला. काल लिहायला बसले आणि उठून आधीच धुतलेल्या चादरी परत धुतल्या.

त्या रविवारचं मी पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते कसं लक्षात ठेवलं असेल ते मला माहीत आहे.

तुम्ही दारात उभे होता, हातात मेलेल्या माशांची वाटी. मी म्हटलं, "थेंब कसले टाकत होता?"

"रोपांचं खत आहे ते."

"पाण्यात कोणी खत घालतं?"

"वहिनी, मी कशाला मारीन?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

तेवढ्यात ह्यांनी आं आं करून डावा हात वर उचलला. इतका वर कधी उचलला नव्हता. बोट सरळ तुमच्याकडे. मी म्हटलं, "बघा. सख्ख्या भावाचं बोट तरी खोटं बोलणार नाही ना?"

तुम्ही त्या बोटाकडे बघितलंत. वाटी टेबलावर ठेवलीत, पिशवी भरलीत, गेलात. माझ्या बोलण्याने तुम्ही गेला नाहीत, एवढं मला कळतं. माझं तुम्ही वीस वर्षं ऐकून घेतलंय. तुम्ही त्या बोटामुळे गेलात.

दुसऱ्या दिवशी मी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं. झाकण घट्ट लावलं, गठ्ठ्याला बांधते तशी चिठ्ठी बांधली, तारीख घातली. पुरावा म्हणून. तुमची तपकिरी बाटलीही घेतली आणि टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं, यात काय विष आहे ते लिहून दे.

त्याने आधी तपकिरी बाटली हुंगली आणि परत दिली. "रोपांचं खत. माझ्याकडूनच नेलंय." मग माझं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात दोन औषधं टाकली आणि हलवलं. पाणी हिरवंगार झालं.

मी म्हटलं, "हिरवं म्हणजे चांगलं?"

"पिवळं राहिलं तर चांगलं. बाई, टाकीचा स्पंज कोणी धुतला का?"

"कुठला स्पंज?"

"फिल्टरमधला. काळा."

"धुतला असेल. आमच्या भावोजींनी."

"कशाने?"

"नळाखाली. पावडर लावून."

"भावोजींनी?" असं म्हणून तो माझ्या हातांकडे बघायला लागला. सोड्याने फाटलेले हात. मी ते पदराखाली घेतले.

मग तो सांगत बसला. त्या काळ्या राडीतच म्हणे टाकीचा जीव असतो. मासे घाण करतात, ती पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव स्पंजात राहतात. महिनाभर मासे न टाकता वाट बघायची ती त्यांचीच. ते धुऊन काढले की मासे आपल्याच घाणीने मरतात, आणि वर साबण. "धुवायचाच तर टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळायचा," म्हणाला. "स्वच्छ माणसं टाक्या मारतात, बाई. आळशांच्या चालतात."

असलं बोलणं मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्याचं ऐकलं.

तर बुधवारचं राहिलं. सोमवार सांगितला, गुरुवार सांगितला, बुधवार सांगितला नाही. बुधवारी तुम्ही कामावर होता. मी फिल्टर उघडला तर आत गटार. मला घाण बघवत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला वाटलं, टाकीचं काहीतरी मी पण करावं. ह्यांनी बघावं.

आणि बघितलं त्यांनी. मी मोरीत बसून स्पंज घासत होते आणि ते पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत होते. भावोजी, अंथरुणाला खिळल्यापासून त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं. आं आं करत होते. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी अजून जोर लावला. तीनदा पावडर लावली, पाणी स्वच्छ येईस्तोवर.

मासेवाल्याकडून घरी आले ती चपला न काढता पलंगावर त्यांच्या उशीला डोकं लावून आडवी झाले. म्हटलं, "त्या दिवशी दाखवलंत तसं परत दाखवा. कोणी केलं?" त्यांनी हात उचलला. मी त्यांच्या खांद्यावरून बोटाच्या सरळ रेषेत बघितलं. त्या रेषेत दार येत नाही. दाराची डावी चौकट येते, आणि तिच्या पलीकडे मोरी. मोरीच्या कट्ट्यावर पावडरचा डबा.

तुम्ही दारात त्याच चौकटीला टेकून उभे होता म्हणून मध्ये आलात. बोट तुमच्यावर नव्हतंच.

मी काय केलं विचाराल तर त्यांचा हात खाली घेतला आणि म्हटलं, "झोपा आता, दुपार झाली." तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून आहेत. याला आज तीन आठवडे होऊन गेले. म्हणजे मला तीन आठवडे ठाऊक आहे. तुमच्या मालकाला केलेले तिन्ही फोन फिल्टरच्या नळीसाठीच केले होते असं मी स्वतःलाही सांगून बघितलं.

तरी एक बोलते. खत आहे हे खत आणलं तेव्हाच सांगितलं असतं तर माझा संशय एवढा वाढला नसता. आणि कुजबूज कशाबद्दल होती ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हीही अगदीच धुतल्या तांदळासारखे नाहीत.

काल टाकीत एक गोगलगाय दिसली. मुगाएवढी. आधी मला वाटलं, तुम्हीच मी गिऱ्हाइकांकडे गेले असताना येऊन टाकलीत. कडी-कोयंडा तपासला. मग मासेवाल्याला विचारलं, तर म्हणाला अंडी रोपांबरोबर येतात, उशिरा फुटतात. ती काचेवरून चढत होती आणि मी ह्यांना म्हटलं, "बघा तरी." मग मान वळली. दांड्यावर टक. एकदाच. रिबिनीसारख्या गवताला मुळापाशी एक नवं पान पण आलंय, नखाएवढं.

मासेवाला म्हणतो, पाणी परत पिकायला महिना जाईल. पण कोणाच्या चालत्या टाकीतला मळका स्पंज आणून आमच्या फिल्टरात पिळला तर लवकर होईल. तुमचा मालक परवा बोलून गेला, की तुम्ही खोलीवर टाकी लावलीत आणि त्यात मासे पण आहेत. तर येताना घाण घेऊन या. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. मी हात लावणार नाही. कधी येणार ते कळवू नका, कळलं तर मी घर घासून ठेवीन, आणि टाकीच्या बाबतीत माझा मलाच भरवसा नाही.

हे पत्रही बरोबर आणा. दादांच्या जवळ बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, बुधवारचं तर दोनदा. त्यांना ठाऊक आहेच, पण मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या तोंडाने ते होत नाही. रोज सकाळी सुरुवात करते आणि "भात मऊ झालाय का" असं काहीतरी विचारते.

तुम्ही वाचाल तेव्हा मी मोरीत असेन. नळ बंद ठेवीन.

तुमची वहिनी