जस्ती पत्र्याचं झाकण

प्रिय अण्णा,

मासे जगले. आज पंधरावा दिवस. तुला केवढा आनंद झाला असता! मला मात्र रडू आलं. तू जाऊन अकरा महिने झाले आणि पत्र आज लिहितोय, ते यामुळेच.

माशांच्या टाकीचं झाकण माझं, आतली सजावट तुझी, ही आपली वाटणी. दर रविवारी तू शहराच्या त्या टोकाहून, हेब्बाळहून, दोन बस बदलून माझ्याकडे बनशंकरीला यायचास. पिशवीत सिमेंटची एखादी गुहा, करवंटीवर थापलेली, खिळ्याने ओरखडे काढून दगडासारखी केलेली. मी काटकोनाचा गुण्या लावून पत्र्यावर रेघ मारत बसलेला.

"यातून हवा तरी जाते का रे, की माशांनी अर्ज करायचा?" असं म्हणायचास. मी चिडायचो. कुणाच्या हाताखाली शिकलो नव्हतो ना! लाकडाचं झाकण फुगलं, काचेचं तडकलं, मग मला जस्ती पत्रा सापडला. कडा दुमडल्या, आत बल्ब बसवला. अर्ध्या सुताचाही फरक नाही! ते झाकण मोठ्या टाकीवर चढवलं, आणि त्याच आठवड्यात तुझी नवी गुहा आत ठेवली.

गणपतीच्या दिवशी चारही एंजल मासे मेले. घरात पाहुणे जेवायला बसलेले. मी ती गुहा तशीच निथळत आणून तुझ्या पानाशेजारी ठेवली. आठवतं?

"अण्णा, तुझं विषारी सिमेंट. घेऊन जा."

"अरे, एकवीस दिवस भिजवलंय, रोज पाणी बदलून. झाकणाचं बघ स्वल्प."

"झाकण पाण्यात बुडत नाही, अण्णा!"

सगळे हसले. तूही थोडा हसलास. मग वहिनींनी ती ओली गुहा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तुम्ही न जेवता उठलात. मी थांबवलं नाही. का नाही थांबवलं?

पुढचे रविवार मी फाटक वाजतंय का, हे ऐकत काम केलं. तू एक निरोप पाठवायचा होतास रे! मोठा होतास ना? पण विषारी कुणी कुणाला म्हटलं होतं, हे विसरून मी तुझ्याच निरोपाची वाट बघत होतो. तेराव्याला आलो, तेव्हासुद्धा माझ्या मते मीच बरोबर होतो.

टाकी तेव्हापासून कोरडीच होती. दीड महिन्यापूर्वी पुन्हा भरली, मासे सोडले. एकट्याच्या घरात काहीतरी हलावं, एवढंच. आता मद्रासहून प्लास्टिकची तयार झाकणं येतात, पण मी माझंच चढवलं. आत नुसती वाळू. सजावट कोण करणार?

पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अगदी त्या एंजलसारखेच. सहाव्या दिवशी मेले. माझ्या मनात पहिला शब्द कुठला आला, सांगू? सिमेंट. आणि मग लक्षात आलं, आत सिमेंट नाहीच!

झाकण उलटं केलं. दुमडलेल्या कडांना पांढरी भुकटी. बल्बने पाणी तापतं, वाफ पत्र्याला लागते, तिचे थेंब होतात, आणि पत्र्यावरचं जस्त घेऊन ते खाली पडतात. दिवसभर, टप् टप्. माशांना ते विषच. बुडायची गरजच नव्हती, अण्णा. टाकी धुतली, झाकण आणि पाणी यांच्यामध्ये काच सरकवली, नवे मासे सोडले. ते जगले.

असं काही सापडलं की आधी तुला सांगायचं, ही सवय. तू दोन टोमणे मारायचास, मग जवळ येऊन नीट बघायचास. आता माझी चूक मीच शोधतो, मीच तपासतो, आणि घरात "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणणारं कुणी नाही.

येत्या रविवारी हेब्बाळला येतोय. झाकण सोबत आणतोय. वहिनींना ती भुकटी दाखवीन आणि मासे माझ्या पत्र्याने मेले, हे सांगीन. मग त्या दिवशी जे जे पंगतीला होते, त्यांच्या त्यांच्या घरी जाऊन हेच सांगीन. कुणी हसलं तर हसू दे. वहिनी काय बोलतील, ठाऊक नाही. जे बोलतील ते मी पुरतं ऐकीन, अण्णा. मधे एक शब्द बोलणार नाही.

तुझा धाकटा,
शामू