विरोधातली दोन मतं

प्रिय दादास, धाकटीचा नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

निकाल तू वाचलाच असशील. देशभर मतं चार पक्षांत विभागली, पण आमच्या कारखान्याच्या वसाहतीतली जवळजवळ सगळी मालकांच्या पक्षाला पडली. विरोधकांना फक्त दोन. मुकादम हसत म्हणाला, "दोघंच ना? सापडतील."

काल मुकादमाच्या माणसांनी म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं सामान रस्त्यावर काढलं. त्याची बायको शपथा घेत रडत होती, "आम्ही नाही हो!"

ती मतं कोणाची, हे तुला सांगायला नको. मी दाराकडे निघाले, तर ह्यांनी हात धरला. मग मीही खाली बसले.

उत्तरात यातलं काही लिहू नकोस. हे पत्र मी बाहेरच्या पेटीत टाकतेय, पण वसाहतीत येणारं टपाल मुकादमच वाटतो.

तुझी,
धाकटी