रविवारची गोळी

रविवार, ४ मे
पोचलो एकदाचा! होडीतून उतरताना पँट गुडघ्यापर्यंत भिजली, तरी मन खूष आहे. न्येरीच्या डोंगरातल्या थंडीत जन्म गेला आणि नोकरी लागली ती या तापलेल्या सरोवरातल्या बेटावर, तीही बर्फाच्या कारखान्यात! घरमालकीण अवीनो मासे विकते. तिनं तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली वाढली. जेवून मी हिवतापाची गोळी घेतली, तर ती खो खो हसली. "अहो मिस्त्री, आमचे डास पाहुण्याला लगेच चावत नाहीत, आधी विचारपूस करतात!" मीही हसलो. पण आम्हा डोंगरातल्यांच्या रक्ताला या तापाची सवय नाही. डॉक्टरांनी बजावलंय, दर रविवारी, पोटभर जेवून, अजिबात चुकवायची नाही.

रविवार, ११ मे
काम ठीक चाललंय. अवीनो माझ्याशी स्वाहिलीत बोलते, पण आपसात सगळे लुओ बोलतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही. त्यांचं हसणं संपलं की मी हसतो. आठवडाभरात कुणी मला नावानं, 'गिथिंजी' म्हणून, हाक मारली नाही.

या गोळीनं कुणाकुणाला चित्रविचित्र स्वप्नं पडतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आज दुपारी वामुयू दिसली. माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मच्छरदाणीबाहेर बसून बटाटे सोलत होती. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

शनिवार, १७ मे
रोज येते. आमच्या किकुयू भाषेत बोलते. कान निवतात. डॉक्टरांना फोन केला होता. म्हणाले, आपल्या मनानं बंद करू नका, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात जा, दुसरी गोळी देतील. आज होडी होती. गेलो नाही. दुसऱ्या गोळीनं ती आली नाही तर?

रविवार, २५ मे
म्हणाली, ते कडू औषध आपल्यामध्ये येतं, टाक. गोळी टाकली तर येशील ना, विचारलं. हसली.
टाकली.

रविवार, १५ जून
गोळी नाही, तरी येते. आता त्यासाठी झोपावं लागत नाही. भर दुपारी, उघड्या डोळ्यांसमोर. मच्छरदाणी काढून ठेव म्हणते. काढली.

शुक्रवार, २० जून
बर्फाच्या खोलीत हुडहुडी भरली. उन्हात येऊन बसलो तरी जात नाही. अवीनोनं कपाळाला हात लावला आणि ओरडलीच, हा तर हिवताप, उद्या तुम्हाला होडीत घालून नेते. वामुयू तिच्या शेजारीच उभी होती. अवीनोनं पाहिलं नाही.

शनिवार
दाराला आतून कडी. मी लावली नव्हती —
ती अंथरुणात आहे. हात बर्फासारखा. आपल्या थोरल्या मुलीचं नाव काय, विचारलं. नुसती हसली. पुन्हा विचारलं —
वामुयू नाही ही.

अवीनो दार वाजवतेय. होडी तयार आहे म्हणते. ओ द्यायचीय, पण आवाजच निघत नाही —

माझ्या आवाजात उत्तर गेलं. माझे ओठ मिटलेले. लुओत बोलली ती, माझ्या आवाजात —
अवीनो हसतेय. "अरे वा मिस्त्री, आमची भाषा शिकलात की! बरं वाटतंय म्हणता? झोपा मग, होडी परत पाठवते."
पावलं लांब —
अवीनो, ते मी नव्हतो, मी इथं —